हाकेला ‘ओ’ देणारे जाळे : जॉन पोस्टेल यांची जीवनकथा

सायखेडा (जि. नाशिक), खास प्रतिनिधी -

ई-मेल येईनासा झाला, की जाणकार तंत्रज्ञ लगेच संगणक खोलायला बसत नाही. तो आधी मेल सर्व्हरला एक हाक मारून पाहतो. पलीकडून ‘ओ’ आली, की वाट शाबूत आहे हे त्याला कळते. आली नाही, तर हाक कुठवर पोहोचली आणि कुठे विरली, याचा माग तो काढू लागतो. बँकेचे विवरण, द्राक्षनिर्यातीची कागदपत्रे, परीक्षेचे प्रवेशपत्र असे महत्त्वाचे कागद आता सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या बाजारपेठेच्या गावातही ई-मेलने येतात. त्यामुळे ही ‘ओ’ येणे वा न येणे, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही.

ही हाक कोणत्या शब्दांत मारायची, सर्व्हरने कोणत्या शब्दांत उत्तर द्यायचे आणि नकार आला तर त्याचा अर्थ काय लावायचा, याचे नियम लिहून काढण्यात सर्वांत मोठा वाटा होता तो अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांचा. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःची कंपनी काढली नाही, की इंटरनेटच्या जोरावर संपत्ती जमविली नाही. तरीही इंटरनेटवरील पत्त्यांचा सारा कारभार अनेक वर्षे जवळजवळ त्यांच्या शब्दावर चालत होता. एवढा विश्वास एका माणसावर ठेवावा काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात जगापुढे उभा राहिला, आणि तोही त्यांनीच केलेल्या एका चाचणीमुळे.

एकाच शाळेतील तिघे

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेटच्या उभारणीत ज्यांची नावे अग्रक्रमाने घेतली गेली, ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टेल यांनी १९६६ मध्ये पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन केली.

त्या विद्यापीठात प्रा. लिओनार्ड क्लेनरॉक यांच्या नेतृत्वाखाली नेटवर्क मापन केंद्र काम करीत होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या ‘अर्पानेट’ या जाळ्याचे पहिले यंत्र १९६९ च्या ऑगस्टअखेरीस येथेच दाखल झाले. पोस्टेल या केंद्रात काम करणाऱ्या तरुणांपैकी एक होते. जाळे बांधायचे आणि त्याच वेळी ते खरोखर चालते का, हे मोजायचे, असे दुहेरी शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री याच विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश धाडण्यात आला. ‘लॉगिन’ या शब्दाची एकेक अक्षरे टंकित करायची आणि प्रत्येक अक्षर पोहोचले का, हे टेलिफोनवरून पलीकडच्या सहकाऱ्याला विचारायचे, अशी ती चाचणी होती. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि तिसऱ्याला पलीकडचा संगणक कोलमडला. काही वेळाने प्रयत्न सफल झाला. दोन संगणकांमधील जोडणीची खातरजमा त्या रात्री तिसऱ्याच माध्यमातून, म्हणजे टेलिफोनवरून करावी लागली होती. जाळ्यानेच स्वतःची खातरजमा स्वतः करावी, ही सोय पुढच्या दीड दशकात घडत गेली, आणि तिच्यातील बरेचसे लेखन पोस्टेल यांच्या हातून झाले.

वहीतले आकडे

नव्या जाळ्याचे नियम ठरविण्यासाठी क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये एक टिपणमाला सुरू केली. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्रायार्थ टिपण, असे तिचे विनम्र नाव होते. आज ती ‘आरएफसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या संपादनाची जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे आली आणि ती त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे २९ वर्षे सांभाळली. भाषा संदिग्ध असेल, एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर टिपण परत जात असे. दोन कंपन्यांनी एकमेकींना न भेटता, केवळ टिपण वाचून तयार केलेली यंत्रे एकमेकांशी बोलली पाहिजेत, ही त्या संपादनामागची कसोटी होती.

दुसरे काम त्याहून नीरस वाटणारे. प्रत्येक सेवेला जाळ्यावर एक ठरलेला क्रमांक हवा, अन्यथा कोणती हाक कोणाला, हे कळणार कसे? मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी असे क्रमांक वाटून देणारा एक अधिकारी असावा, असे सुचविले आणि अर्ध्या गमतीने स्वतःचेच नाव पुढे केले. सुरुवातीला ही नोंद ते वहीत ठेवीत. पुढे या वहीलाच ‘आयाना’, म्हणजे इंटरनेटवरील क्रमांक नेमून देणारे प्राधिकरण, असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात बराच काळ हे प्राधिकरण म्हणजे पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स एवढेच होते.

१९७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. दोन संगणकांमधील संवादाचे नियम आलेखाच्या साह्याने कसे तपासावेत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. काही काळ स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत घालवून मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे येथील माहितीशास्त्र संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. लांब दाढी, पायांत सँडल, पाठीवर पिशवी अशा वेशातील हा मितभाषी माणूस सवड मिळताच सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंतीला जाई.

पूल, दार आणि दुकानदार

पोस्टेल यांचे काम समजून घ्यायला सायखेड्याचा पूल उपयोगी पडेल. सायखेडा आणि चांदोरी यांच्यामधून गोदावरी वाहते. पलीकडच्या दुकानातून काही आणायचे, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पूल रहदारीला खुला हवा, दुकानाचे दार उघडे हवे आणि दुकानदाराने हाकेला ‘ओ’ द्यायला हवी. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी या दोन्ही गावांत शिरले, त्या दिवसांत दुकान उघडे की बंद, हा प्रश्नच गैरलागू होता. एरवी मात्र पूल खुला असूनही दुकान बंद असू शकते आणि दार उघडे असूनही गल्ल्यावर कोणी नसू शकते.

ई-मेलच्या जोडणीतही हेच तीन टप्पे आहेत. तिन्हींचे नियम पोस्टेल यांच्या टिपणांत सापडतात. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली तीन टिपणे लागोपाठ प्रसिद्ध झाली. पहिल्यात संदेशाचे तुकडे पत्त्यावर नेण्याचे नियम होते. दुसऱ्यात वाटेतील अडचणी कळविण्याचे आणि नुसताच प्रतिध्वनी मागण्याचे नियम होते. पूल खुला आहे का, हे विचारण्याची ही सोय. तिसऱ्यात दोन संगणकांनी ठरावीक दारावर, म्हणजे ‘पोर्ट’वर, खात्रीचा संपर्क कसा बांधायचा, हे सांगितले होते. प्रतिध्वनीच्या नियमावर अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. जगभरातील तंत्रज्ञ आजही पहिली हाक त्यानेच मारतात.

तिसरा टप्पा दुकानदाराचा, म्हणजे मेल सर्व्हरचा. त्याआधी ई-मेल फाइल पाठविण्याच्या व्यवस्थेवर स्वार होऊन जात असे. १९८० मध्ये पोस्टेल यांनी सुझान स्लुइझर यांच्यासह टपालासाठी स्वतंत्र नियम मांडले आणि त्यांचे सोपे रूप ऑगस्ट १९८२ मध्ये ‘एसएमटीपी’ या नावाने सिद्ध झाले. त्यासाठी २५ क्रमांकाचे पोर्ट ठरले. सर्व्हरशी संपर्क जुळताच त्याने २२० या आकड्याने स्वागत करायचे. पाठविणाऱ्याने आपले नाव सांगायचे. सर्व्हरने २५० म्हणून रुकार द्यायचा. मग पाठविणारा कोण, घेणारा कोण आणि मजकूर काय, हे क्रमाने सांगायचे. मजकूर संपला, की स्वतंत्र ओळीवर एकच टिंब.

उत्तरांचे आकडे विचारपूर्वक रचलेले होते. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढचे सांगा, ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, पुन्हा या, आणि ५ असेल तर हे होणार नाही. फाइल पाठविण्याच्या नियमांसाठी १९७४ मध्येच पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तीन अंकी पद्धत मांडली होती. माणसाला वाचता यावे आणि यंत्रालाही कळावे, हा तिचा गुण. त्यामुळेच कोणताही तंत्रज्ञ मेल प्रोग्रॅम बाजूला ठेवून, हाताने आज्ञा टंकित करून सर्व्हरशी बोलू शकतो. नियमांत ‘नूप’ नावाची एक आज्ञाही आहे. तिचा अर्थ काहीच करू नको, फक्त ‘ओ’ दे.

घराघरांत स्वतंत्र संगणक येऊ लागले, तशी सर्व्हरवर साठलेले टपाल आपल्या यंत्रावर आणण्याची गरज भासली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉयस रेनॉल्ड्स यांनी त्यासाठी ‘पॉप’ नियमांचे पहिले टिपण लिहिले. ई-मेल पाठविणे आणि आणणे ही दोन वेगळी दारे झाली ती तेव्हापासून. मेल जातो पण येत नाही, ही तक्रार ऐकताच तंत्रज्ञ दुसरे दार तपासतो, त्याचे मूळ येथे आहे.

जाळ्याचा हजेरीपट

नियम लिहिले म्हणून ते पाळले जातात, असे पोस्टेल यांनी कधी गृहीत धरले नाही. नव्या नियमांनुसार तयार केलेले प्रोग्रॅम एकत्र आणून ते एकमेकांशी बोलतात का, हे पाहण्याची स्पर्धाच भरविली जाई. तिची गुणपद्धती त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतःशीच संपर्क जोडता आला तर एक गुण, आपलेच म्हणणे आपल्याला ऐकू आले तर एक गुण, कोलमडून न पडता निरोप घेता आला तर आणखी एक. एकाच वेळी अनेकांशी बोलता आले, तर दहा गुण. मुद्दाम सगळ्या खुणा एकदम चालू करून पाठविलेला विचित्र संदेश नीट हाताळला, तरी दहा गुण. प्रतिस्पर्ध्याला नियमात राहून कोलमडविणाऱ्याला तर तीस गुणांचे बक्षीस होते. विनोदाच्या आवरणाखाली शिस्त मात्र कठोर होती.

१ जानेवारी १९८३ हा दिवस खऱ्या कसोटीचा होता. त्या दिवसापासून अर्पानेटवरील प्रत्येक संगणकाने जुनी पद्धत सोडून नवीन नियमांनी बोलायचे होते. या स्थित्यंतराची योजना पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये लिहिली होती. कोण तयार आहे, हे विचारून भागणार नव्हते. विचारले, की सगळेच होकार देतात. त्यांच्याच संस्थेतील डेव्हिड स्मॉलबर्ग यांनी ७ डिसेंबर १९८२ पासून आठवड्यागणिक जाळ्यावरील संगणकांना हाक मारण्यास सुरुवात केली. प्रत्येकाच्या तीन दारांवर थाप मारली जाई, दूरस्थ प्रवेश, फाइल आणि टपाल. कोणाचे दार उघडले आणि कोणाचे नाही, याची यादी नावानिशी प्रसिद्ध होई. हा हजेरीपट फेब्रुवारी १९८३ अखेरपर्यंत निघत राहिला. मेल सर्व्हर जोडलेला आहे की नाही, याची जाळ्यावरील ही अगदी आरंभीची पद्धतशीर तपासणी म्हणता येईल.

जुहूपर्यंत आलेली वाट

महाराष्ट्रात ही वाट मुंबईमार्गे आली. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभ होता. ८ मे १९८९ रोजी भारताचे ‘डॉट इन’ हे नामक्षेत्र पोस्टेल यांच्या नोंदवहीत दाखल झाले आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. एनसीएसटी पुढे ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली आणि २००५ मध्ये ‘डॉट इन’ची नोंदणी राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजकडे गेली.

देशांची नामक्षेत्रे वाटताना पोस्टेल यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. कोणता भूभाग देश आणि कोणता नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची तयार यादी त्यांनी प्रमाण मानली. नामक्षेत्र सांभाळणारा हा त्याचा मालक नसून विश्वस्त आहे, ही भूमिका त्यांनी मार्च १९९४ च्या टिपणात स्पष्ट केली.

अखेरची चाचणी

१९९० च्या दशकात इंटरनेटवर व्यापार आला आणि विश्वासावर चाललेल्या कारभाराला तडे जाऊ लागले. अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार नावांची नोंदणी ‘नेटवर्क सोल्युशन्स’ या कंपनीकडे होती. सप्टेंबर १९९५ पासून तिने दर नावाला वर्षाला ५० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. तंत्रज्ञांत असंतोष पसरला. पोस्टेल आणि त्यांचे सहकारी नवी नामक्षेत्रे उघडण्याची योजना आखत असतानाच अमेरिकी सरकार स्वतःचा आराखडा तयार करीत होते.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी एक साधा ई-मेल धाडला. इंटरनेटवरील प्रत्येक नावाचा पत्ता शेवटी तेरा मूळ सर्व्हरवरून कळतो. त्यांपैकी बारा सर्व्हर व्हर्जिनियातील नेटवर्क सोल्युशन्सच्या मुख्य सर्व्हरवरून यादी उतरवून घेत. ती यादी यापुढे आपल्या संस्थेतील संगणकावरून घ्यावी, अशी सूचना पोस्टेल यांनी त्यांच्या चालकांना केली. बारापैकी आठ जणांनी ती तत्काळ मानली. त्यांना कोणी आदेश दिला नव्हता, करार नव्हता. सूचना पोस्टेल यांच्याकडून आली, एवढेच त्यांना पुरेसे होते. याद्या सारख्याच असल्याने जगात कोणालाही काही जाणवले नाही. एकही ई-मेल अडला नाही.

वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे सल्लागार इरा मॅगझिनर यांनी संस्थेशी संपर्क साधून जाब विचारला. आपण केवळ एक चाचणी घेत होतो, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि काही दिवसांत सर्व्हर पूर्ववत झाले. ३० जानेवारीला सरकारचा आराखडा प्रसिद्ध झाला.

ती खरोखर तांत्रिक चाचणी होती, की सरकार आणि कंपनी यांना दिलेला इशारा, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तिच्यातून दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध झाल्या, एवढे नक्की. जाळ्याची सूत्रे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी विनाखंड हलविता येतात, ही पहिली. आणि ती हलविण्यास एका माणसाचा एक ई-मेल पुरतो, ही दुसरी. पहिली गोष्ट समाधानाची, दुसरी चिंतेची. तो माणूस सज्जन होता, हा योगायोग. व्यवस्था योगायोगावर उभी राहू शकत नाही. पोस्टेल यांनीही हे ओळखले असावे. उरलेले महिने त्यांनी आपल्या वहीसाठी एक कायमस्वरूपी संस्था उभी करण्यात घालविले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी ‘आयकॅन’ या संस्थेची नोंदणी झाली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९९१ मध्येही त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती.

शाळासोबती व्हिंट सर्फ यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलेला स्मृतिलेख आरएफसी मालेतच प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८. १९९९ पासून इंटरनेट सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते. आयानाच्या कामावरील अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आली.

विश्वासाची किंमत

पोस्टेल यांच्या वारशात उणिवाही आहेत. आपण पाठवावे ते काटेकोर नियमाने, दुसऱ्याकडून येईल ते मात्र उदारपणे सांभाळून घ्यावे, हे सूत्र त्यांनी १९८० मध्ये घालून दिले. जाळे वेगाने वाढले ते या उदारपणामुळे. परंतु चुका खपत गेल्या, की त्या रूढ होतात आणि घुसखोरांना वाट मिळते, असा आक्षेप नंतर घेण्यात आला. २०२३ मध्ये आरएफसी मालेतच तो सविस्तर मांडला गेला. त्यांच्या टपालनियमांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नव्हती. नको असलेल्या टपालाचा धोका त्यांना दिसला नव्हता, असे मात्र नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्यांनी त्यावर टिपण लिहिले होते.

त्या उणिवेची किंमत आजच्या चाचणीतही दिसते. फसव्या टपालाला आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाच्या जोडणीवरून २५ क्रमांकाचे दार बंद ठेवतात. तेथून ‘ओ’ आली नाही, म्हणून सर्व्हर बंद आहे, असे समजणे चुकीचे ठरते. ई-मेल पाठविण्यासाठी आता ५८७ किंवा ४६५, आणण्यासाठी ९९३ किंवा ९९५ ही दारे तपासावी लागतात आणि आत जाण्यापूर्वी ओळख पटवावी लागते. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, पण टपाल चोख स्वीकारतात. उलट पिंगला उत्तर आले, म्हणून टपालसेवा चालू आहे, असेही नाही. पूल, दार आणि दुकानदार हे तिघेही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

दारे बदलली, कुलपे आली, पण संवादाची रीत तीच राहिली. नाशिकमधला असो वा नैरोबीतला, मेल सर्व्हर संपर्क जुळताच आजही २२० हाच आकडा प्रथम उच्चारतो.